शेवटच्या मुक्कामाची सेवा



सज्जनहो, आपला संप्रदाय उभा आहे तो कशावर? विटेवर. आणि ती वीट देवाला कोणी दिली? भक्त पुंडलिकाने. आपण जयघोष करतो त्यात पहिले नाव पुंडलिकाचे येते आणि मागून हरीचे येते, हे आपल्या रोजच्या सवयीमुळे ध्यानात राहत नाही. देव दारी आला तेव्हा पुंडलिक जप करीत नव्हता, तप करीत नव्हता, यज्ञाला बसला नव्हता. तो म्हाताऱ्या आईबापांचे पाय चेपीत होता. देवाला त्याने सांगितले, जरा थांब, हातातले काम पुरे होऊ दे. आणि उभे राहण्यापुरती वीट पुढे टाकली. देव रागावला नाही. कमरेवर हात ठेवून उभा राहिला तो आजतागायत उभाच आहे.

आता या कथेत एक गोष्ट बारकाईने पाहावयाची आहे. पुंडलिकाच्या सेवेने आईबापांचे म्हातारपण गेले, ते पुन्हा तरणेबांड झाले, असे आपण सांगतो काय? नाही सांगत. म्हातारपण होते ते राहिले, जे व्हावयाचे ते पुढे झालेच असेल. तरीही त्या सेवेचे मोल देवाने एवढे मानले. म्हणजे सेवेचे फळ रोग बरा होण्यावर अवलंबून नाही. रोग बरा होणार नाही हे कळल्यानंतर जी सेवा सुरू होते, तीच पुंडलिकाची सेवा. आजचा विषय हाच आहे: ज्या रोग्याला औषध उरले नाही त्याची सेवा, ती करणारी घरची माणसे, आणि त्या सेवेसाठी अलीकडे जी हॉस्पिसे निघाली आहेत ती.

कीर्तन आटोपले, बुक्का लावून झाला, मंडळी पांगली, की मागे दोनचार माणसे रेंगाळतात. त्यात बहुधा बायामाणसे असतात. त्यांचे प्रश्न ब्रह्म काय आणि माया काय असे नसतात. एक म्हणते, “बुवा, मालकांचं अंगच धरलंय दीड वर्ष, औंदा वारी चुकली, पाप लागंल का हो?” दुसरी म्हणते, “सासूबाईंना कॅन्सर झालाय, डॉक्टर म्हणाले घरी न्या. घरी नेऊन करायचं काय, ते कुणीच नाही सांगितलं.” एक मुलगा म्हणाला, “आईला तिकडं नेऊन ठेवली तर भावकी म्हणंल टाकली.” या प्रश्नांना उत्तर देणे हे कीर्तनकाराचे कर्तव्य आहे. नाही तर आपण पुंडलिकाचे नाव घ्यावयाचे आणि पुंडलिकाचे काम करणाऱ्याला वाऱ्यावर सोडावयाचे, असे होईल.

प्रथम शब्द पाहू. रोग्याच्या सेवेला आपण ‘शुश्रूषा’ म्हणतो. हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूपासून आला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. पाय चेपणे, पथ्य करणे, अंथरूण बदलणे हे सारे पुढचे. आधी रोग्याचे ऐकून घ्यावयाची इच्छा पाहिजे; ती नसेल तर बाकी सारे हमाली काम. आपल्या पूर्वजांनी हा शब्द केला तेव्हा त्यांनी अर्धे वैद्यकशास्त्र त्यात भरून ठेवले.

दुसरा शब्द चरकसंहितेतला. चिकित्सेचे चार पाय तेथे सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. खाटेला चार पाय असतात तसे. उपस्थाता म्हणजे जवळ उभा राहणारा, उशाशी असणारा. त्याचे गुणही चारच सांगितले: शुश्रूषेची माहिती, कामातली दक्षता, रोग्यावर अनुराग आणि शुचिता. पाहा, नुसते प्रेम पुरते असे शास्त्र म्हणत नाही, माहितीही पाहिजे. आणि नुसती माहितीही पुरत नाही, प्रेमही पाहिजे. आणि गंमत अशी की, जवळ उभा राहतो तो उपस्थाता, तर विटेवर उभा राहिलेला आपला विठोबाही उपस्थाताच झाला.

आता ‘हॉस्पिस’. हा शब्द लॅटिन भाषेतला आहे. जुन्या काळी युरोपात यात्रेकरू दूरदूरच्या क्षेत्रांना पायी जात, त्यांना रात्रीचा आसरा, भाकरी आणि आजारपणात शुश्रूषा मिळावी म्हणून मठांनी जी घरे बांधली त्यांना हॉस्पिस म्हणत. म्हणजे आपली धर्मशाळाच की! वारकऱ्याला धर्मशाळा काय हे सांगावे लागत नाही. गाडगेबाबांनी स्वतः खराटा हाती घेतला, गाडग्यात भाकरी खाल्ली, आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी परळच्या टाटा रुग्णालयात येणारे गोरगरीब आणि त्यांचे सोबती तेथे उतरतात. धर्मशाळेत उतरलेला यात्रेकरू घरातून टाकलेला नसतो. तो वाटेवरचा असतो. शेवटच्या वाटेवरच्या माणसालाही धर्मशाळा पाहिजे, एवढाच हॉस्पिसचा अर्थ.

या अर्थाने आजचे हॉस्पिस सुरू केले ते इंग्लंडमधील सिसिली सॉन्डर्स या बाईंनी. त्या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका झाल्या, आणि मरणाऱ्यांच्या वेदनेकडे डॉक्टर लक्ष देत नाहीत हे पाहून स्वतः डॉक्टर झाल्या. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले. त्यांचा मुख्य विचार असा की, मरणाऱ्याची वेदना एकपदरी नसते. देह दुखतो तो एक पदर. मनातली भीती दुसरा. माझ्यामागे लेकराबाळांचे काय, कर्जाचे काय, हा तिसरा. आणि माझ्या जन्माचे सार्थक झाले का, देव मला पदरात घेईल का, हा चौथा. चारही पदरांना औषध पाहिजे. आपल्याकडे आधिभौतिक, आधिदैविक, आध्यात्मिक असे त्रिविध ताप सांगितले आहेत, त्या विचाराशी हे जवळचेच नाते सांगते. या सेवेस आता ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणतात. त्याचे मूळ ‘पॅलियम’ म्हणजे अंगावर पांघरावयाचे वस्त्र. पाऊस थांबविणे आपल्या हाती नाही, पण भिजणाऱ्याच्या अंगावर घोंगडी घालणे हाती आहे. ही सेवा मरण लवकर आणीत नाही आणि ओढूनताणून लांबवीतही नाही. उरलेले दिवस सुसह्य करते. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत ती सेवा रोग्याची जशी, तशी त्याच्या कुटुंबाचीही आहे.

आपल्या देशातले पहिले हॉस्पिस १९८६ साली मुंबईत वांद्र्याला निघाले, त्याचे नाव शांती आवेदना सदन. त्याच संस्थेची शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. तेथे कर्करोगाच्या रुग्णांची सेवा विनामूल्य होते, घरचे माणूस रुग्णाजवळ राहते आणि शुश्रूषा कशी करावी ते शिकून घरी जाते. केरळात तर ही गोष्ट लोकांनीच उचलून धरली. १९९३ साली कोळिकोड येथे एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या आश्रयाने काम सुरू झाले, पुढे गावोगावचे शेजारीपाजारी शिकून तयार झाले, आणि २००८ साली त्या राज्याने यासाठी स्वतंत्र धोरण केले. तेथे पंचायतीची परिचारिका घरी येते, जखम धुते, घरच्यांना शिकवते. तरीही जगाचा हिशेब पाहिला तर अशा सेवेची गरज असणाऱ्या शंभर माणसांपैकी सुमारे चौदांनाच ती मिळते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेले शहाऐंशी कण्हत जातात.

आता पूर्वपक्ष ऐकू. आक्षेप चार येतात.

पहिला आक्षेप: हॉस्पिसमध्ये ठेवणे म्हणजे आईबापांना टाकणे. उत्तर असे की, टाकणे हे जागेवर ठरत नाही. घरातल्या मागच्या खोलीत खाट टाकून, वेळेला ताट सरकवून, दिवसभर कोणी न फिरकणे हे टाकणेच आहे, मग ते घर स्वतःचे का असेना. उलट वेदना घरी आवरत नाही म्हणून आईला चार दिवस जाणत्यांच्या हाती देऊन आपण तिच्या उशाशी बसणे, ही सेवाच आहे. पुंडलिकाने सेवा केली ती आईबापांची. घराच्या भिंतींची नव्हे.

दुसरा आक्षेप जरा विद्वान लोक घेतात: वेदना हा प्रारब्धाचा भोग आहे, तो भोगूनच संपवावा, औषधाने दाबू नये. अहो, मग वारीत काय करता? पायाला फोड आलेल्या वारकऱ्याचे पाय कोमट पाण्याने धुऊन, तेल लावून चेपणारी माणसे मुक्कामामुक्कामावर असतात. ती म्हणतात काय, की हे फोड तुमचे प्रारब्ध आहे, भोगा? भुकेल्याला पंगतीत बसविताना आपण त्याची भूक प्रारब्धावर सोडतो काय? दुखणे प्रारब्धाने आले म्हणाल, तर ते शमविणारा वैद्यही प्रारब्धानेच दारी आला. आणि व्यवहार पाहा. ज्याचे हाड न् हाड ठणकते आहे त्याला नाम कसे सुचावे? दुखणे थोडे हटले म्हणजे जीभ नामाला मोकळी होते. ज्ञानी पुरुषांचे वर्तन आपल्या ठायी मोजावे, अंथरुणावरच्या म्हातारीवर ते लादू नये.

तिसरा आक्षेप औषधाचा. मोठ्या वेदनेवर मॉर्फिन देतात, आणि ते अफूपासून होते हे कळले की घरची माणसे दचकतात. नशा लागेल म्हणतात. नाही तर मॉर्फिन सुरू झाले म्हणजे आता संपलेच म्हणतात. दोन्ही समज चुकीचे. जाणत्या डॉक्टरच्या देखरेखीखाली, वेदनेच्या मापाने, हळूहळू वाढवीत दिलेले मॉर्फिन रोग्याला व्यसनी करीत नाही आणि मारीतही नाही; कित्येक रोगी ते घेऊन महिनेन् महिने हिंडतात-फिरतात. साध्या गोळ्या दर चार तासांनी घड्याळ पाहून द्यावयाच्या असतात. रोगी किंचाळेपर्यंत वाट पाहावयाची नसते. पहिले काही दिवस गुंगी, मळमळ होते, मग ती ओसरते. बद्धकोष्ठ मात्र हटकून होते, म्हणून सोबत रेचक घ्यावेच लागते. आणि आपल्या मनाने एकदम बंद करू नये. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध ठेवणे रुग्णालयांना फार जिकिरीचे झाले होते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट बरीच सोपी झाली. तरी ते सगळीकडे मिळत नाही. म्हणून “आता काही होणार नाही, घरी न्या” असे कोणी म्हटले, तर घरच्यांनी नम्रपणे पण ठामपणे विचारावे: “बरे होणार नाही हे समजलो. पण दुखणे कमी करण्यासाठी काय देता? मॉर्फिन कोठे मिळेल?” हे विचारण्याचा तुम्हांला अधिकार आहे.

चौथा आक्षेप: रोग्याला खरे सांगू नये, तो खचेल. येथे भागवताचा आरंभ आठवा. परीक्षिती राजाला सातव्या दिवशी तक्षक डसणार असा शाप झाला. ती वार्ता कळल्यावर राजाने काय केले? राज्याची व्यवस्था लावली, गंगातीरी जाऊन बसला, शुकाचार्य आले, आणि सात दिवस त्याने जे ऐकले ते आज आपण सप्ताहात ऐकतो. त्याच्या दरबाऱ्यांनी “महाराज खचतील” म्हणून वार्ता दडवून ठेवली असती, तर राजाचे सात दिवस शिकारीत गेले असते आणि जगाला भागवत लाभले नसते. माणसाला कळू द्यावे. पण कसे? दगड मारल्यासारखे नव्हे. त्याला किती ऐकावयाचे आहे हे आधी पाहावे. तो विचारील तेवढे, त्याच्या कलाने, जवळ बसून, हात हातात धरून सांगावे. बहुधा त्याला अगोदरच कळलेले असते. आपण रडू म्हणून तो बोलत नाही, आणि तो रडेल म्हणून आपण बोलत नाही. दोघे एका खोलीत दोन मुलुखांत राहतात. एकदा बोलणे झाले म्हणजे कोणाला भेटावयाचे, जमिनीचे काय, अखेर घरी की दवाखान्यात, हे सारे त्याच्या मुखाने ठरते. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, शेवटच्या उपचारांविषयी आपली इच्छा अगोदर लिहून ठेवण्यास मान्यता दिली, आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली. तेव्हा हे बोलणे आता कायद्यालाही मान्य आहे.

आता सेवा चांगली झाली की नाही, हे ठरवावयाचे कसे? रोगी तर गेला, त्याला विचारता येत नाही. म्हणून साक्ष काढावयाची ती उशाशी बसलेल्याची. अमेरिकेत सरकारने २०१५ पासून अशी पद्धत घातली आहे की, हॉस्पिसच्या देखरेखीखाली माणूस गेला म्हणजे दोनतीन महिन्यांनी त्याच्या घरच्या जवळच्या माणसाला प्रश्नावली पाठवावयाची. त्या प्रश्नावलीतले सुरुवातीचे प्रश्न मोठे मार्मिक होते. रात्री-बेरात्री, सुटीच्या दिवशी हाक मारली तर मदत आली का? येणार असतील तर केव्हा येणार हे तुम्हांला कळवीत होते का? वेदना, धाप, बद्धकोष्ठ, भीती यांवर पुरेसा उपाय झाला का? एक जण एक सांगतो, दुसरा भलतेच, असे झाले का? तुमचे म्हणणे लक्ष देऊन ऐकले का? रोग्याला आदराने वागविले का? औषधाचे दुष्परिणाम, कूस कशी बदलावी, हे तुम्हांला शिकविले का? तुमच्या धर्मश्रद्धेला आधार मिळाला का? आणि माणूस गेल्यावर तुमची विचारपूस झाली का?

या प्रश्नांत एक खुबी आहे. “सेवा कशी होती?” असे मोघम विचारले तर आपले गरीब माणूस हात जोडून म्हणेल, “चांगली होती, देव त्यांचं भलं करो.” ज्याला आयुष्यात कोणी बस म्हटले नाही, त्याला खुर्ची दिली तरी तो धन्य मानतो. हे त्याचे मोठेपण झाले. सेवेची परीक्षा झाली नाही. म्हणून नेमके विचारावे लागते. ‘समाधान’ आणि ‘समाधी’ हे दोन्ही शब्द एकाच मूळापासून आले आहेत. सगळे नीट जागच्या जागी बसणे, हा त्यांचा गाभा. सेवा पाहिलेल्या माणसाच्या मनात सगळे जागच्या जागी बसले असेल तरच ते समाधान. नाही तर वर्षानुवर्षे मन टोचत राहते. घरोघरीचे ऐकून मला असे दिसते की, लोकांना मरणाचा राग फारसा नसतो. मरण आपल्या माणसाला कळते. राग राहतो तो याचा की फोन कोणी उचलला नाही, पाणी द्यावे की नाही हे कोणी सांगितले नाही, बाप तळमळत होता आणि डॉक्टर कागद वाचीत होते. एक शेतकरी मला म्हणाला, “बुवा, म्हातारा गेला त्याचं दुःख हाय, पर कसा गेला ते इसरत न्हाई.” ‘गेला’ हे देवाच्या हातचे, ‘कसा गेला’ हे पुष्कळसे माणसांच्या हातचे. हॉस्पिसचे काम या ‘कसा’साठी आहे. तेव्हा कोणत्याही केंद्रात किंवा दवाखान्यात जाल, तर वरील प्रश्न आधीच विचारून घ्या.

घरच्या उपस्थात्याला माहिती पाहिजे असे शास्त्र म्हणते, तर थोडी माहिती सांगतो. शेवटच्या दिवसांत भूक जाते. घरच्यांना वाटते, खात नाही म्हणून तो चालला. खरे उलट आहे. देह आवरते घेतो आहे म्हणून भूक गेली. अशा वेळी जबरदस्तीने भरविले तर घास श्वासाच्या वाटेत जातो आणि जीव गुदमरतो. मागितले तर चमचाभर द्यावे, न मागितले तर आग्रह धरू नये. ‘उपाशी गेला’ ही खंत बाळगू नये. तोंड मात्र कोरडे पडते, म्हणून ओल्या स्वच्छ फडक्याने ओठ, जीभ वरचेवर ओली करावी. तुळशीपत्र आणि गंगाजल घालण्याची आपली चाल फार सुंदर आहे. पण शुद्ध नसताना चमचे ओतू नयेत, ओठांवर दोन थेंब टिपावेत. नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ती त्याची तहान भागावी म्हणून. आपला विधी रोग्याचा श्वास कोंडणारा होता कामा नये.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, चादरीला सुरकुती ठेवू नये, अंग कोरडे ठेवावे. नाही तर पाठीला, माकडहाडाला, टाचांना शय्याव्रण पडतात, आणि ते मूळ रोगापेक्षा जास्त छळतात. अगदी अखेरीस घशात घरघर लागते. ती ऐकवत नाही. पण तोवर रोग्याची शुद्ध बहुधा हरपलेली असते, ऐकणाऱ्यालाच त्रास अधिक होतो. एका कुशीवर वळवावे, डॉक्टरांना विचारावे, त्यावर औषध आहे. आणि ऐकण्याची शक्ती अखेरपर्यंत टिकत असावी असे जाणते लोक मानतात. तेव्हा त्याच्या देखत वाटणीची भांडणे काढू नका, रडारड करू नका. कानाशी हळू आवाजात नाम घ्या. कोणाच्या मुखी राम असेल, कोणाच्या विठ्ठल, कोणाच्या आणखी काही. ज्याचे जे आवडते तेच म्हणा, आपले लादू नका.

आता सर्वांत कठीण गोष्ट. ही सेवा करते कोण? घराघरांत जाऊन पाहा. बाप मुलाचा, पण गू-मूत काढते ती सून. आई भावाची, पण रात्र जागवते ती लेक. आणि पुरुषमंडळी ओसरीवर भेटीला आलेल्यांना चहा देत आजाराची हकीकत सांगतात. अरे माउली, पुंडलिक पुरुष होता! त्याने पाय चेपावयास बायकोला बसवून स्वतः देवाशी गप्पा मारल्या नाहीत. गळ्यात माळ घातली, त्या प्रत्येक पुरुषाने आपल्या आईबापांचे अंथरूण स्वतःच्या हाताने एकदा तरी बदलावे. मग त्याला शुचिता म्हणजे काय ते कळेल.

आणि सेवा करणारीही देहधारीच आहे. सहा महिने नीट झोप नसली म्हणजे चांगल्या बाईच्या तोंडून वेडेवाकडे शब्द जातात, आणि मग ती रात्रभर रडते. कधी मनात येते, सुटला तर बरा. आणि लगेच ती स्वतःला पापीण म्हणते. बाई, ते पाप नव्हे, तो थकवा आहे. पालखीलाही विसावा असतो. माउलींच्या पालखीने वाटेत विसावा घेतला तर वारी मोडत नाही. अमेरिकेच्या सरकारी विम्यात अशी सोय आहे की, घरच्यांना विश्रांती मिळावी म्हणून रोग्याला एका वेळी पाच दिवसांपर्यंत संस्थेत ठेवता येते. आपल्याकडे अशी सोय थोड्या ठिकाणी आहे. पण आपल्यापाशी दुसरी सोय आहे, ती आपण वापरीत नाही.

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. ती एकट्याच्या गळ्यात सात दिवस असते काय? नाही. पहारे लावतात. यादी फळ्यावर लिहितात, रात्री दोन वाजता ज्याचा पहारा तो अंघोळ करून येऊन उभा राहतो, आणि हातोहात वीणा घेतो. हीच रीत रोग्याच्या उशाशी लावा. गावात कोणी अंथरुणाला खिळला आहे असे कळले की दिंडीच्या विणेकऱ्याने मंडळींची यादी करावी. एकाने सकाळी दोन तास बसावे, तेवढ्यात घरची बाई अंघोळ, जेवण, झोप करील. एकाने तालुक्याहून औषध आणावे. दोघांनी मिळून कूस बदलावी. एकाने हरिपाठ म्हणावा. शुश्रूषेची माहिती पाहिजे तर जवळच्या केंद्रातील परिचारिकेला एक दिवस देवळात बोलवावे. मलप्पुरम जिल्ह्यातील शेजाऱ्यांना जे जमले ते देहू-आळंदीच्या लेकरांना जमणार नाही काय? आणि माणूस गेल्यावरही पहारा लगेच उठवू नये. परदेशात हॉस्पिसवाले वर्षभर घरच्यांची विचारपूस ठेवतात. आपल्याकडेही वर्षश्राद्धापर्यंत दुःखाचा काळ मानला आहे. पण तेराव्याचे जेवण झाले की कोणी फिरकत नाही. त्या घरी महिन्यातून एकदा जावे, आणि बोलावयाचे काही नसेल तर ऐकावे. शुश्रूषेचा मूळ अर्थ मघाशी सांगितलाच आहे.

म्हणून, वारी चुकली म्हणून झुरणाऱ्या माझ्या मायबहिणींनो, तुम्हांला उत्तर देतो. पंढरीची वाट धरली नाही म्हणून तुम्ही वारीबाहेर पडलेल्या नाहीत. देव ज्याच्यासाठी पंढरीत थांबला तो पुंडलिकच मुळी तेव्हा आईबापांजवळ सेवेत होता. तुम्ही ज्या खाटेशी उभ्या आहात तेथे वीट आहे असे समजा. औषधाची वेळ चुकवू नका, मदत मागण्यास लाजू नका, आणि विसावा घेताना अपराधी वाटून घेऊ नका. जे पायी जाऊ शकतात त्यांना माझे सांगणे असे की, माळ घालून निघण्यापूर्वी गल्लीतल्या त्या एका घरात डोकावून जा, आणि परत आल्यावर पंढरीचा प्रसाद आधी तेथे नेऊन द्या; जाताना दोन तास बसून त्या बाईला निजू द्या.

ही शब्दरूपी सेवा संतचरणी अर्पण करून येथेच विराम घेतो. रामकृष्णहरि.